नोड-स्प्लिटिंग की डिझाइन-बाय-ट्रीटमेंट: थीसिससाठी काय धरावं?

नागपूरच्या मेडिकल-मेयो कॉलेजांचे रेसिडेंट नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक औषधांच्या ट्रायल्स एकत्र जोडून केलेली तुलना) घेऊन धंतोलीत माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: सर, इनकन्सिस्टन्सीसाठी काय लावू? म्हणजे दोन औषधांची थेट तुलना आणि तिसऱ्यामार्फत काढलेली अप्रत्यक्ष तुलना जुळते का, हे कोणत्या चाचणीनं पाहू? बुचरची १९९७ ची पद्धत तीन औषधांच्या एखाद्या त्रिकोणाला आजही पुरते, तिच्यावर वेळ घालवत नाही. खरी निवड नोड-स्प्लिटिंग आणि डिझाइन-बाय-ट्रीटमेंट या दोघांतच आहे.

नोड-स्प्लिटिंगचा मोह मला समजतो. औषधांची एकेक जोडी फोडायची: तिचा प्रत्यक्ष अंदाज, खाली अप्रत्यक्ष, शेजारी पी-व्हॅल्यू. स्टॅटिस्टिक्सला कंटाळलेल्या गाइडलाही एका नजरेत कळतं. डिझाइन-बाय-ट्रीटमेंट इतकं बोलकं नाही. अख्ख्या नेटवर्कला मिळून एक चाचणी, आणि घोळ कुठे आहे ते तुमचं तुम्ही शोधायचं. डिझाइन्स (एकेका ट्रायलमध्ये एकत्र तपासलेले औषधांचे संच) भरपूर आणि प्रत्येकात एखादीच ट्रायल असली, तर तिची पॉवरही कमीच पडते.

तरी मी तिच्याकडे वळलो, ते तीन-आर्म, म्हणजे तीन गटांच्या, ट्रायलमुळे. मधुमेहाच्या एका नेटवर्कमध्ये मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन एकत्र असलेली एक ट्रायल होती. अशी ट्रायल स्वतःशी विसंगत असूच शकत नाही. पण मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड जोडी फोडायला घेतली की तिढा पडतो: तफावत कोणाच्या खात्यात टाकायची? सिटाग्लिप्टिनची मेटफॉर्मिनशी तुलना शाबूत ठेवायची, की ग्लिमेपिराइडशी? म्हणजे बेसलाइन कोणती धरायची? आम्ही दोन्ही करून पाहिलं. पी एकदा ०.०५ च्या अलीकडे, एकदा पलीकडे. डेटा तोच, औषधं तीच! बाहेरून आलेल्या परीक्षकानं ‘हीच बेसलाइन का?’ विचारलं तर पोरानं काय सांगावं? तफावत दोघांत अर्धी-अर्धी वाटणारी मांडणीही आहे, पण तीसुद्धा शेवटी आपणच निवडायची.

हिगिन्स, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेलं मॉडेल हा प्रश्न येऊच देत नाही. दोन-आर्म ट्रायल्समधला फरक आणि तीन-आर्ममधला फरक वेगळे असू शकतात, हे ते सुरुवातीलाच मान्य करतं. रेफरन्स औषध बदला, चाचणीचा निकाल जागचा हलत नाही.

शिवाय बेझियन नोड-स्प्लिटिंगमध्ये प्रत्येक जोडीला वेगळं मॉडेल चालवावं लागतं. मे महिन्यात, कूलर लावूनही तापणाऱ्या लॅपटॉपवर, ते जरा जिवावर येतं. (हे काही शास्त्रीय कारण नव्हे, मान्य.)

तुमच्या सगळ्या ट्रायल्स दोन-आर्म असतील तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. खुशाल नोड-स्प्लिटिंग करा. एकच त्रिकोण असेल तर दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी येतात. मिश्र नेटवर्क असेल, तर मी आधी डिझाइन-बाय-ट्रीटमेंट लावीन आणि मगच, जागा शोधायला, नोड फोडीन. निकाल काहीही येवो, टाऊ-स्क्वेअर (ट्रायल्सच्या निकालांतली आपसातली तफावत) पाहायला विसरू नका. तो फुगलेला असला की विसंगती त्यात सहज दडते. व्हेरोनिकी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४० नेटवर्क तपासली, त्यांतली साधारण आठात एक विसंगत निघाली. तेव्हा ‘आपल्यात नसेलच’ म्हणून हा भाग गाळू नका.

कोणती चाचणी आधी, कोणती नंतर, हे सिनॉप्सिसमध्येच (थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात) लिहून टाका. स्टाटा सॉफ्टवेअरवाल्यांना ‘नेटवर्क मेटा इनकन्सिस्टन्सी’ एवढी एक ओळ पुरते. आर सॉफ्टवेअरमध्ये नेटमेटा पॅकेजचं ‘डीकॉम्प डिझाइन’ बघा.