जुनी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार: सुस्त पिकअप, गिअरचे झटके आणि ३० ते ५० डिग्रीचं तेल (वापरानंतरचा अनुभव)

गाडी दोन सीटची जर्मन रोडस्टर आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, टर्बो नाही, जोर मागच्या चाकांना, आणि झेडएफ कंपनीचा ६एचपी हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण २००१ मध्ये बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमधून आलेली ही गिअरबॉक्सची मालिका पुढे जॅग्वार, ऑडी, बेंटले, मासेराटी अशा कितीतरी गाड्यांत बसली. यातली कुठलीही जुनी गाडी मुंबईत चालवणाऱ्याला खालची बहुतेक माहिती लागू पडेल.

लक्षणं अशी. सकाळी थंड असताना गाडी गुणी. सायनपासून कुर्ल्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये रांगत गेली की बिघडायची. सिग्नलला थांबताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा झटका. पार्किंगमधून डी टाकल्यावर सेकंदभर काहीच नाही आणि मग धक्का. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम तीनचारशेने उगाच वर. एक्सलरेटर दाबला तर गाडी दबलेली, जणू वजन दुप्पट झालंय. गॅरेजचं निदान तयारच होतं: गिअरबॉक्स गेला, रिबिल्ड करा. कोटेशन सहा आकडी. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी कुणी पाहिलीच नव्हती. हा सगळा लेख त्या न पाहिलेल्या पातळीबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल, पण त्याआधी इंजिनाकडे बघावं लागतं.

कारण सुस्ती आणि झटके हे बऱ्याचदा दोन आजार नसतात. आतला क्लच किती दाबाने धरायचा हे ठरवताना गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरने कळवलेल्या टॉर्कवर (फिरवण्याच्या जोरावर) विसंबतो, आणि तो टॉर्कचा आकडा इंजिनात किती हवा गेली यावरून निघतो. एअर मास सेन्सर मळला आणि त्याने हवा १५ टक्क्यांनी कमी सांगितली, तर गिअरबॉक्स समजतो की ताकद कमी येतेय. तो दाब कमी ठेवतो, क्लच जरा सरकतो, मग घट्ट धरतो, आणि आपल्याला झटका बसतो. उलट बाजूनेही तेच. क्लच सरकताना दिसला की गिअरबॉक्स इंजिनाला टॉर्क उतरवायला सांगतो, आणि पिकअप गेला म्हणून आपण प्लग-कॉइल बदलत बसतो. म्हणून क्रम असा: बॅटरी, इंजिनाची हवा, तेलाची पातळी, सील, आणि अगदी शेवटी क्लच. बॅटरी पहिली, कारण अशा गाड्या बहुतेक फक्त रविवारी निघतात आणि व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर भलतेच कोड टाकतो. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर पुढचं कुठलंही रीडिंग घेऊ नका.

इंजिनासाठी साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) पुरतो. हवेचं रीडिंग ग्रॅम प्रति सेकंदात बघा. पूर्ण एक्सलरेटरवर, रेडलाइनजवळ (इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळ) मिळालेला आकडा सव्वापट केला की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची अश्वशक्ती ढोबळमानाने निघते. अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीत साधारण २०० दिसायला हवेत. गाडी मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर ठेवली की रेडलाइन ९०च्या आसपास येते, म्हणजे अटल सेतूवर १०० ची मर्यादा न मोडता ही चाचणी होते, तीही सकाळी रिकाम्या लेनमध्ये. शहरातल्या रस्त्यांवर ती करू नये.

आकडा १५० वर अडकला तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा. हवा कमी दिसतेय आणि लाँग टर्म ट्रिम जोराखाली +१५, +२० कडे जातोय, तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा पेट्रोलचा दाब अपुरा आहे. हवा कमी पण ट्रिम शांत, तर हवा खरोखरच कमी जातेय: फिल्टर, थ्रॉटल किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कन्व्हर्टरची शंका असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून दाब बघतात. २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त म्हणजे तुंबलाय. ट्रिम आयडलला खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. सेन्सर आणि थ्रॉटलमधल्या रबरी बूटाच्या घड्या बोटांनी उघडून बघा, चिरा तिथेच लपलेल्या असतात. आयडलला ऑईल फिलरचं झाकण उचलताना ते जोरात आत ओढलं जात असेल तर ब्रीदरचा (इंजिनातली वाफ ओढून घेणाऱ्या भागाचा) पडदा फाटलाय. या गाडीत बूट चिरलेला होता आणि सेन्सर मळलेला. सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवायचा. कार्ब्युरेटर क्लीनर नाही, कापूस नाही, बोट तर नाहीच.

इथे ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) नोंद हवी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ असतं, ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे १५-१८ वर्षांपूर्वीच्या गाडीत ट्रिम +५ ते +८ दिसणं हा आताच्या पेट्रोलचा परिणाम असू शकतो. त्यावरून गळती शोधत महिनाभर गॅरेजच्या फेऱ्या मारू नका. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असल्याने मायलेजही थोडं उतरणारच.

ब्रेक अडकतोय का तेही एकदा पाहून घ्या. पावसाळ्यानंतर मागचा हँडब्रेक गंजून धरून राहतो. दहा मिनिटं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं मोजली की कळतं.

आता पातळी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. पातळी म्हणजे बाजूच्या फिलरच्या भोकातून तेल बारीक धारेने बाहेर येऊन थेंबाथेंबावर येणं, आणि तेसुद्धा इंजिन चालू असताना, गाडी चारही चाकांवर सपाट असताना, तेलाचं तापमान ३० ते ५० डिग्रीमध्ये असताना. हे तापमान गिअरबॉक्स वाचू शकणाऱ्या स्कॅनरवरच दिसतं, साध्या डोंगलवर नाही. मुंबईत नेमकं हेच चुकतं. गाडी ट्रॅफिकमधून गॅरेजला पोचते तेव्हा तेल ९० डिग्रीवर असतं. अर्धा तास थांबून हाताला पॅन कोमट लागला की मिस्त्री फिलर उघडतो, धार येते, तो 'फुल्ल आहे' म्हणतो आणि बंद करतो. तेल तापलं की फुगतं. ९ ते १० लिटर तेलाला ५० डिग्रीच्या फरकाने सुमारे साडेतीनशे मिलिलिटरचा फरक पडतो. म्हणजे गरम तेलावर 'फुल्ल' केलेला गिअरबॉक्स प्रत्यक्षात तेवढा रिकामा असतो. मग ब्रेक मारताना तेल पुढे सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो, आणि सिग्नलला झटका बसतो.

याचा इलाज फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा. मे महिन्यात मुंबईत रात्रभर उभी राहूनही तेल ३० डिग्रीच्या खाली फारसं जात नाही, म्हणून सकाळी इंजिन चालू केल्यावर काम पटापट उरकावं लागतं. दुपारी दोनला हे काम देऊच नका. जो गॅरेजवाला स्कॅनरवरचं तापमान दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडेही देऊ नका.

तेल बदलताना आधी फिलर उघडून बघा, मगच खालचा नट सोडा. फिलर अडकला आणि तेल आधीच काढलं असेल तर गाडी टो करूनच न्यावी लागेल. प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच असतात, म्हणून पॅन नवा. त्याचे बोल्ट आडवे-तिरपे क्रमाने आवळा. स्टीलच्या बोल्टना १० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त दिलं की पॅन वाकतो आणि कोपऱ्यातून गळतो. इंजिन बंद ठेवून तेल बाहेर येईपर्यंत भरा, इंजिन चालू करून लगेच पुन्हा भरा, ब्रेक दाबून आर, डी आणि मॅन्युअल गिअर काही सेकंद फिरवा, पी वर आणा, आणि इंजिन चालू असतानाच पातळी बघून फिलर बंद करा. असं केल्यावर साधारण सहा लिटर बदलतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणाऱ्या भागात) राहतं. तेल लाइफगार्ड ६ किंवा त्याच स्पेसिफिकेशनचं. कॅनमधलं कुठलंही लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही. पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी मऊ लेप असणं ठीक. चमकणारे तुकडे किंवा पितळी कण दिसले तर मात्र रिबिल्डवाल्याचं ऐकावं लागेल.

'लाइफटाइम ऑईल' या समजुतीचा मला मनापासून राग आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्स कारचं रनिंग ४०-५० हजार असतं, विकणारा ते अभिमानाने सांगतो आणि तेल तसंच राहतं. किलोमीटर कमी असले तरी वर्षं पंधरा असतात, आणि लालबाग-परळच्या ट्रॅफिकमधला एक किलोमीटर गिअरबॉक्ससाठी एक्स्प्रेसवेच्या किलोमीटरसारखा नसतो.

पातळी बरोबर केल्यावर डी टाकतानाचा उशीर गेला आणि सिग्नलचा झटका निम्मा झाला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावरचं आरपीएम उडणं गेलं नाही. ते सीलचं काम होतं. गिअरबॉक्सच्या पोटात मेकॅट्रॉनिक्स नावाचा ब्लॉक असतो, त्यात व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र. तो आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यामध्ये रबराचं पूल-सील आणि काही सील-ट्यूब असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, तेलाचा दाब तिथून निसटतो, आणि तेल पातळ झालं की जास्त निसटतो. म्हणूनच त्रास गरम असतानाच दिसतो. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पॅन काढून, आधी बाहेरच्या कनेक्टरचा स्लीव्ह ओढून, मग मोठ्या डोक्याचे बोल्ट सोडून ब्लॉक खाली येतो. कनेक्टरच्या पिनांना हात लावायचा नाही, अंगातली स्थिर वीज कॉम्प्युटर मारू शकते. स्लीव्हच्या ओ-रिंगही त्याच वेळी नव्या टाका, कारण बाहेरची गळती तिथूनच होते. हे काम तेलबदलासोबतच करा, नाहीतर महागडं तेल दोनदा काढावं लागतं. सील नवेच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अख्खा जुना मेकॅट्रॉनिक्स मिळाला तरी त्याचं रबरही तेवढंच म्हातारं असतं, शिवाय त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या गाडीचं.

ॲडॅप्टेशन रीसेटबद्दल (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेले दाब पुसण्याबद्दल) माझं मत वापरात बदललं. सुरुवातीला ते गॅरेजचं बिल वाढवण्याचं साधन वाटायचं, आणि सील बदलण्याआधी केलं तर ते तसंच आहे: दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. पण सील नवे झाल्यावर ते लागतंच. गळत्या सीलची भरपाई करायला कॉम्प्युटरने वाढवून ठेवलेला दाब नव्या सीलवर जास्त होतो आणि प्रत्येक गिअर आदळून पडतो. रीसेटनंतर गाडीला शिकवावं लागतं: तेल गरम झाल्यावर हलक्या, एकसारख्या एक्सलरेटरवर पहिल्यापासून सहाव्यापर्यंत जायचं, मग ब्रेक जवळजवळ न लावता मंदावत थांबायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. पूर्व मुक्त मार्गावर पहाटे हे शांतपणे जमतं. दिवसा पी डिमेलो रोडच्या टोकाला लागणाऱ्या रांगेत गाडी चुकीचेच धडे शिकेल.

६०-८० च्या वेगाला हलक्या एक्सलरेटरवर रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर होत असेल तर एक सोपी परीक्षा. वेग तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटतो. थरथर लगेच थांबली तर दोष लॉकअप क्लचचा किंवा तेलाचा, नाही थांबली तर मिसफायर शोधा. आणि डी-आर करताना एकच 'टक्' असा लोखंडी आवाज येत असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी प्रोपेलर शाफ्टची रबरी कपलिंग आणि डिफरन्शिअलचे बुश बघा.

विकत घेणाऱ्यांसाठी एकच आग्रह: हिंदमाता, मिलन सबवे अशा पाण्यातून गेलेली गाडी असू शकते, म्हणून सौद्याआधी फिलरमधून थोडं तेल काढून बघा. काळं तेल परवडतं. दुधाळ, कटिंग चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय, क्लचच्या अस्तराचा गोंद सुटायला लागलाय, आणि तिथे तेल-सील काहीच उपयोगाचे नाहीत. ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी.

आजची स्थिती: पूर्ण एक्सलरेटरवर हवा १९६ ग्रॅम, किकडाऊन (एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर) लगेच, सिग्नलला गाडी न सांगता पहिल्यावर येते. खूप तापल्यावर आर टाकताना हलका धक्का अजून आहे आणि तो मी तसाच ठेवणार आहे. पहिल्या बदलात टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहिलेलं जुनं तेल नव्यात मिसळलंय, म्हणून हिवाळ्यात नव्या पॅनसह पुन्हा सहा लिटर बदलायचं आहे. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला जाईल.