साइटवरचा स्पीकर: नऊ महिने वापरून झाल्यावर

मी फर्निचर आणि आतल्या फिनिशिंगची कामं करतो. ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, छोटी सर्क्युलर सॉ, सगळं १८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, म्हणून त्याच बॅटरीवर चालणारा स्पीकर घेतला. आवाजाचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कोपऱ्यात ठेवला तर बेस इतका वाढतो की शब्द कळत नाहीत. भिंतीपासून दूर स्टुलावर ठेवला की उत्तम वाजतो. बस. नऊ महिन्यांत माझं डोकं खाल्लं ते विजेने, बॅटरीने आणि कानांनी, त्यामुळे पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

सोबत एक अडॅप्टर येतो. पहिला महिना मी तोच वापरला. बॅटऱ्या हत्यारांना लागतात, गाण्यांवर कशाला घालवायच्या, असा माझा हिशेब. मग एका साइटवर बाथरूमच्या फरश्या कापायचं काम चालू होतं, ओल्या कटरने. पाणी हळूहळू पॅसेजमध्ये आलं आणि जमिनीवर पडलेल्या माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाखाली शिरलं. खटकन आरसीसीबी (वीज कुठे गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि मजला अंधारात. शिव्या खाल्ल्या, पण मला शिव्यांचं काही वाटलं नाही. त्याआधीच्या साइटवर तात्पुरत्या कनेक्शनला आरसीसीबीच नव्हता आणि तिथे हाच बोर्ड असाच जमिनीवर असायचा, हे तेव्हा आठवलं.

माहितीपत्रक त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘आयपी ५४’ छापलंय, म्हणजे धूळ-पाणी किती सोसेल त्याचा दर्जा. त्यातला ५ धुळीसाठी: थोडी धूळ आत गेली तरी यंत्र बिघडणार नाही. ४ पाण्यासाठी: कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील. धार मारलेली चालणार नाही, बुडवणं तर नाहीच. आणि हे सगळं कधी? बॅटरीचा कप्पा आणि बाजूची रबरी झाकणं घट्ट बंद असतील तेव्हा. अडॅप्टरची पिन ज्या भोकात जाते त्यावर तेच रबरी झाकण असतं. म्हणजे अडॅप्टर लावला की झाकण उघडं, आणि झाकण उघडं म्हणजे ५४ फक्त खोक्यावर उरले. शिवाय अडॅप्टर स्वतः कोरड्या, बंदिस्त जागेसाठीच आहे. स्पीकरपर्यंत येते ती कमी व्होल्टची डीसी, तिची भीती नाही. भीती आहे ती अडॅप्टरच्या मागच्या बाजूची, म्हणजे बोर्ड, वायर, सॉकेट. त्यांना स्पीकरच्या आयपीशी काही देणंघेणं नाही.

तेव्हापासून ओल्या कामाच्या मजल्यावर स्पीकर फक्त बॅटरीवर. अडॅप्टर लावायचाच झाला तर कोरड्या खोलीत, बोर्ड जमिनीपासून वर, मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असेल तरच आणि त्याचं टेस्टचं बटण सकाळी एकदा दाबून. हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी ‘पिन बसते ना’ म्हणून दुसरा कुठलाही लावू नका. व्होल्ट, अँपियर आणि पिनच्या आत-बाहेर प्लस-मायनस कुठे आहे, हे तिन्ही जुळायला हवं. पिन तर कशाचीही कशातही बसते.

एक गैरसमज माझाही होता: अडॅप्टर लावला की आत बसवलेली बॅटरी चार्ज होत असेल. माझ्या स्पीकरमध्ये होत नाही. काहींमध्ये होते. घेण्याआधी विचारा, नाहीतर रात्रभर लावून ठेवाल आणि सकाळी बॅटरी आहे तिथेच.

आता बॅटरी किती पुरते. क्षमता अँपियर-अवरमध्ये लिहिलेली असते, तिला व्होल्टने गुणलं की वॉट-अवर मिळतात. माझी मोठी बॅटरी ५ अँपियर-अवरची, म्हणजे १८ गुणिले ५, ९० वॉट-अवर. मध्यम आवाजात ती कामाचा अख्खा दिवस पुरते. २ ची छोटी बॅटरी म्हणजे ३६ वॉट-अवर, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. पण मुख्य गोष्ट आवाजाचं बटण. आवाज ३ डेसिबलने वाढवायला अँप्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते, आणि ३ डेसिबल कानाला ‘थोडासा मोठा’ इतकेच वाटतात. उलट बाजूनेही तेच. आवाज थोडा कमी ठेवला की बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. (काही बॅटऱ्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असतं. त्यात जास्तीचं काही नाही. आत तेच पाच सेल ओळीने जोडलेले, पूर्ण चार्ज झाल्याझाल्या मोजलं की आकडा तेवढा भरतो, कामाच्या वेळी १८ च.)

तिसऱ्या महिन्यात मी एक बॅटरी मारली. सुट्टीच्या आधी स्पीकर बंद केला, बॅटरी आतच राहिली. बंद स्पीकरही घड्याळ आणि ब्लूटूथसाठी थोडी वीज पीत राहतो. त्यात ती बॅटरी आधीच तळाला आलेली. सुट्टी लांबली, परत आलो तर चार्जरवर लाल दिवा नुसता लुकलुकतोय. लिथियम-आयन सेल एका मर्यादेखाली गेला की चार्जर त्याला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. कामावरच्या एकाने सुचवलं, दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून ‘धक्का’ दे. तसले व्हिडिओ मीही पाहिलेत. नाही दिला. आतून बिघडलेल्या सेलमध्ये जबरदस्तीने चार्ज ढकलणं म्हणजे थिनरच्या डब्याजवळ काडी ओढणं. ती बॅटरी ई-कचऱ्यात गेली. आता काम संपलं की बॅटरी बाहेर. बरेच दिवस पडून राहणार असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून, सावलीत.

‘याही चालतात’ म्हणून विकतात त्या स्वस्तातल्या बॅटऱ्यांपैकीही एक आणली होती. स्पीकरमध्ये चालली. ड्रिलमध्ये दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतकी तापली. आत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट असायला हवं. ते त्यात होतं की नाही हे मी उघडून पाहिलं नाही, बाजूला ठेवून दिली. त्याहून वाईट मला ती प्लेट वाटते, जिने एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बसते. खूप जण वापरतात. बॅटरी तळाला गेली की बंद करण्याचं काम बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये बॅटरी करत नाही, यंत्र करतं. दोघांची भाषा वेगळी असली की थांबवणारं कुणीच उरत नाही.

आणि सुट्या बॅटऱ्या स्क्रू-खिळ्यांच्या पिशवीत टाकू नका. हे मला कुणी सांगायला लागलं नाही, पिशवीतून ठिणगी दिसली. प्लास्टिकची टोपी येते ती फेकू नका. फेकली असेल तर तोंडावर टेप लावा. फुगलेली, पडून चिरलेली, ओली झालेली बॅटरी चार्जरवर ठेवायचीच नाही. उन्हात बंद गाडीत ठेवलेली बॅटरी आणल्या आणल्या चार्जरला लावू नका, आधी निवू द्या. कडाक्याच्या थंडीतही तसंच, शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली की आतून कायमची खराब होते.

आता कान. खरं तर हे सर्वांत आधी यायला हवं होतं.

ग्राइंडर सुरू झाला की गाणं ऐकू येत नाही, हात आपोआप आवाज वाढवतो. ग्राइंडर थांबतो, स्पीकर तसाच. दुपारपर्यंत तो इतका मोठा होतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ८५ डेसिबलला ८ तास ही साधारण मर्यादा धरतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला फक्त १५ मिनिटं. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ हे आधीच त्या शंभरीच्या आसपास. त्यांच्यावर चढून गाणं वाजवायचं तर स्पीकर कुठे न्यावा लागेल, हिशेब तुम्हीच करा.

पण मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. परांचीवरून एक फळी सुटली. वरच्या गड्याने दोनदा हाक मारली, असं तो नंतर म्हणाला. मी ऐकली नाही. फळी माझ्यापासून दोन हातांवर पडली. स्पीकर अगदी जोरात नव्हता, पण माझ्या डोक्याच्या उंचीला, जवळच होता. आता नियम केलाय: आवाज इतकाच की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून साध्या आवाजात मारलेली हाक कळेल. कापण्याचं यंत्र सुरू होण्याआधी गाणं बंद. वरच्या मजल्यावरून माल उतरतोय, गाडी मागे येतेय, तेव्हाही बंद. आणि फोन, म्हणजे आवाजाचा ताबा, कटरवर असलेल्या माणसाकडे नाही. त्याचे कान झाकलेले असतात, त्याला कमी-जास्त काही कळत नाही. सुरुवातीला पोरांनी नाकं मुरडली.

ब्लूटूथबद्दल थोडंच. मोकळ्यावर लांबपर्यंत पकडतो, मध्ये सळईची काँक्रीट भिंत आली की तुटतो. फोन स्पीकरच्या कप्प्यात ठेवून यूएसबीवर चार्ज करता येतो, पण बंद कप्प्यात फोन तापतो, मी तो वापर सोडला.

लॅमिनेट चिकटवायचं सोल्युशन, थिनर, पॉलिश यांचं काम चालू असलेल्या खोलीत स्पीकर नेत नाही. त्या वाफा पेट घेतात, आणि बॅटरी काढता-घालताना बारीक ठिणगी उडू शकते. दाराबाहेर ठेवला तरी गाणं ऐकू येतंच.

सफाई: भुसा ब्रशने निघतो. सिमेंटची धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, जाळीत थर बसून दगड होतो. कोरडा ब्रश. हवेची गन जाळीवर मारू नका, आतला पडदा फाटेल. वेल्डिंगच्या जवळ ठेवला होता तेव्हा लोखंडाचा कीस जाळीला दाढीसारखा चिकटला, आत लोहचुंबक आहे ना. तो टेपने उचलून काढला. त्याच कारणाने पेसमेकर बसवलेल्या माणसाने हा छातीशी धरून उचलू नये.

सध्या छोट्या बॅटऱ्या स्पीकरला, मोठ्या हत्यारांना. दोन मजल्यांवरून घरंगळत आला तेव्हा एक कोपरा घासला, वाजतो तसाच. बॅटरीच्या कप्प्याची रबरी पट्टी मात्र एका बाजूने सुटायला लागली आहे. सुटा भाग मागवलाय. तो येईपर्यंत हा उघड्यावरच्या कामाला जाणार नाही, आतल्या कोरड्या खोलीतच वाजेल.