गाभण शेळीची गोळी पेंड: माल चांगला, पोतं पावसाळ्याचं नाही

आमच्या कोकण कन्याळ शेळ्या दिवसभर रानात चरतात, संध्याकाळी फणसाचा पाला खातात. गाभण शेळीला वेगळं काही घालायची आमच्याकडे पद्धत नाही. सासूबाई म्हणतात, शेळी आपलं आपण शोधून खाते, तिला कसली पेंड! पण व्याल्यावर आठवड्याभरात करडांना हगवण लागायची, त्याला कंटाळून कुडाळच्या बाजारातून गाभण शेळ्यांची ही गोळी पेंड आणली.

पोत्यावर छापलंय, 'करडांच्या पोटाचे संपूर्ण संरक्षण'. अहो, पेंड खाणार आई! पण अगदीच थाप नाही. शेळी पाच महिने गाभण असते आणि करडू खरं वाढतं ते शेवटच्या दीड-दोन महिन्यांत. नेमकी तेव्हाच शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा उरत नाही, म्हणून नुसत्या पाल्यावर तिचं भागत नाही. अशी उपाशी राहिलेली शेळी चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, कमी देते. पोटात असताना वारेतून करडाला रोगाशी लढणारी द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि करडाचं आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं फक्त पहिल्या दिवसभरात. उशीर झाला की ती वाट बंद.

सुरुवात मूठभर पेंडीने केली, मग वाढवत दिवसाला पाव किलोवर नेली. एकदम घातली तर शेळीचं पोट बिघडतं. या वेताला कास भरून आली, चीक दाट आला, करडं लगेच उठून लुचली. हगवण एखाद्यालाच लागली, तीही दोन दिवसांत आटोपली. अर्थात गोठ्यात चुना मारला होता, तेव्हा सगळं श्रेय पेंडीला देत नाही.

तक्रार पोत्याची आहे. ओलावा 11 टक्क्यांच्या आत असल्याचं लिहिलंय, पण आत प्लास्टिकचं अस्तर नाही. आमच्या आषाढात त्या आकड्याला काय अर्थ! 50 किलोचं दुसरं पोतं उघडलं तर कुबट वास आणि गोळ्यांना हिरवट बुरशी. असली पेंड गाभण शेळीला घालणं म्हणजे ती गाभडण्याचा धोका. दुकानदाराने पोतं बदलून दिलं, पण पुटपुटलाच, "वैनी, पाऊस काय माझ्या हातात आसा?"

पावसाळ्यात अख्खं पोतं घेऊ नका. मागितली तर तो किलोवर सुटी देतो, दर थोडा चढा लावतो. घरी झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि पिंप जमिनीवर नको, फळीवर.