‘रिफंड’ द्यायला आले आणि एफडी मोडून गेले

मामांच्या कॉम्प्युटरमध्ये एकही व्हायरस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या नसलेल्या व्हायरसपायी घडलं. मामा मिरजेचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हिशेबाला एकदम पक्के. वीजबिलात चार रुपये जास्त लागले तर कार्यालयात जाऊन भांडणारे. तेव्हा ‘म्हातारी माणसं, त्यांना काय कळतंय’ असं म्हणून वाचायचं सोडू नका. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय. नाव आणि बँक मुद्दाम गाळली आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून झाली. मामांनी ‘सातबारा ऑनलाइन’ असं शोधलं आणि सरकारी पानाच्या वर जी जाहिरात येते तिच्यावरच क्लिक केलं. दोन-तीन पानं भराभर पालटली आणि पडदाभर निळंलाल काहीतरी आलं. भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत बजावू लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे. कोपऱ्यात मायक्रोसॉफ्टचा चार रंगी चौकोन, मध्यभागी १८०० ने सुरू होणारा नंबर. माउस हलेना.

हे नुसतं एक वेबपान असतं. पडदा व्यापून बसलेलं, भोंग्याची फाइल लावलेलं, बस्स. एस्केपचं बटण दाबून धरलं की बहुतेकदा पान लहान होतं आणि मग ते बंद करता येतं. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझरच बंद करायचा. तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारतो, मागची पानं परत उघडू का? तिथे नाही म्हणायचं, नाहीतर भोंगा पुन्हा हजर. आणि एक गोष्ट पाठच करून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

मामांनी नंबर फिरवला. आधी हिंदीतून ‘सर, सर’ झालं, मग फोन ‘सीनियर इंजिनिअर’कडे गेला आणि तो अस्सल मराठीत म्हणाला, “काका, अजिबात घाबरू नका, मीपण सांगलीकडचाच.” मामी सांगतात, त्या वाक्यानंतर मामा खुर्चीत टेकून बसले.

त्याने दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. हे सॉफ्टवेअर मुळात वाईट नाही. आमच्या ऑफिसातला आयटीवाला रोज तेच वापरतो. पण ते टाकून समोरच्याला कोड सांगितला की घराची किल्लीच त्याच्या हातात जाते. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून दाखवला. लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. “बघा काका, एवढे व्हायरस.” अहो, त्या विंडोजच्या रोजच्या कुरबुरी असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशा. लिहिता लिहिता माझा लॅपटॉप उघडून पाहिला, त्यातही ढीगभर आहेत.

पुढची करामत मात्र मला दाद द्यावीशी वाटली. त्याने हुकूम टाइप करायची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ‘असॉक’ असा हुकूम टाइप केला. सरसर यादी सरकली आणि तिच्या तळाशी एक लांबलचक क्रमांक आला, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. “काका, हा तुमच्या मशीनचा लायसन्स नंबर. माझ्या रेकॉर्डला जो आहे तो वाचतो, तुम्ही जुळवून बघा.” त्याने एकेक अक्षर वाचलं, मामांनी पेन्सिल घेऊन एकेक अक्षर जुळवलं. तंतोतंत. आता हिशेबी माणसाला आणखी कुठला पुरावा हवा? फक्त तो क्रमांक जगातल्या यच्चयावत विंडोजवर तोच असतो. माझ्यावर तोच, तुमच्यावरही तोच.

तीन वर्षांचं संरक्षण ६,९९९ रुपये, ‘लाइफटाइम’ ११,९९९. मामांनी भागाकार केला आणि लाइफटाइम घेतलं. मिळालं काय, तर नेटवर फुकट मिळणारे दोन क्लीनर, एका अँटीव्हायरसची महिनाभराची चाचणी आवृत्ती आणि डेस्कटॉपवर हिरव्या ढालीचं चित्र. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक.

या ११,९९९ ची तक्रार कुणी करत नाही, तीच तर गंमत आहे. पैसे आपण आपल्या हाताने दिलेले, बदल्यात काहीतरी मिळालेलं, वर ढाल दिसतेय. माणूस समाधानात असतो. वर्षानुवर्षं हा धंदा आपल्याकडच्या कॉल सेंटरांतून अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या म्हाताऱ्यांवर चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये अशा बेकायदा सेंटरांवर छापे घातले, तेही मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनने तक्रार केल्यावर. तोच खेळ आता ‘काका’ म्हणत आपल्या दारात आलाय.

काही महिन्यांनी त्याच कंपनीच्या नावाने फोन आला. कंपनी बंद होतेय, लाइफटाइमवाल्यांना पूर्ण रिफंड द्यायचाय. दुरून चालवायचं सॉफ्टवेअर कुणी काढलेलं नव्हतंच. ‘रिफंड फॉर्म’ भरायला म्हणून मामांकडून नेटबँकिंग उघडून घेतलं. मग पडदा काळा, त्यावर ‘सर्व्हर अपडेट सुरू आहे’. एक ओटीपी आला, तो ‘रिफंड कन्फर्म करायला’ वाचून दाखवायला सांगितला. त्या एसएमएसमध्ये प्रीमॅच्युअर क्लोजर, म्हणजे मुदतीआधी ठेव मोडणे, असे शब्द होते. मामांची नजर सहा आकड्यांवर.

पडदा परत आला तेव्हा बचत खात्यात १,०४,३१२ रुपये वाढलेले. फोनवरचा पोरगा रडवेला. “काका, दुसऱ्या ग्राहकांचे पैसे चुकून तुमच्याकडे गेले, माझी नोकरी जाईल हो.” मामांनी कागदावर वजाबाकी केली, आपले ११,९९९ ठेवून घेतले आणि उरलेले ९२,३१३ स्वतः यूपीआयने, स्वतःचा पिन टाकून, रुपयाचाही फरक न ठेवता परत पाठवले. दुसऱ्याचा पैसा घरात नको.

तो दुसऱ्याचा नव्हताच. काळ्या पडद्याआड त्यांनी मामांचीच एफडी मोडून मामांच्याच बचत खात्यात टाकली होती. खातेउताऱ्यात त्या रकमेपुढे ‘एफडी क्लोजर’ असं स्वच्छ लिहिलेलं मी पाहिलं तेव्हा हे कळलं. आणि तो ‘रिफंड’सुद्धा त्यांच्याच एफडीतला. आधीचे ११,९९९ धरले तर एकूण गेले १,०४,३१२, म्हणजे बरोबर अख्खी एफडी.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदली. पण पैसे जाऊन रात्र उलटली होती. पुढच्या एका खात्यात ३१,००० रुपये गोठले, बाकी तोवर एटीएममधून निघाले. गोठलेले परत मिळवायची खटपट चालू आहे. बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही अशी सोय केली होती, पण ती सोय जिथे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारांसाठी. त्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी सांगितला, पिन टाकला, की कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. तरी कळवायचंच, आणि तासाभरात. पैसा पुढे सरकण्याआधी अडवला गेला तरच हाती लागतो.

आता मामांच्या मशीनवर काय आहे? नेट तोडलं, कामाच्या फाइली बाहेर काढल्या, विंडोज नव्याने टाकली, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. अँटीव्हायरस म्हणाल तर विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट, आधीपासूनच बसवलेला असतो. सातबारा, बँक आणि नातवाचे फोटो एवढ्याला तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. विकतचा घ्यायचा तर खुशाल घ्या, पण पत्ता स्वतः टाइप करून किंवा ओळखीच्या दुकानातून. त्याआधी जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्जचे निकाल बघा, ते फुकट वाचता येतात. दुसऱ्या वर्षीचा दर आणि ऑटो डेबिटची खूण तपासा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांतच भांडतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या विंडोजवर महागडी ढाल लावून फारसा उपयोग नाही.

आणखी एक, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते ती बघा. मामांकडे तिथे पाच-सहा अनोळखी साइटींना परवानगी होती. खाली उजवीकडे ‘व्हायरस सापडला’ म्हणून जे डोकावायचं ते तिथूनच.

परवा त्यांना ‘सायबर सेलमधून’ म्हणून फोन आला. तुमचे पैसे सापडलेत, २,५०० रुपये फाइल चार्ज भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे हे येणारच होतं. मामांनी ठाण्याचं नाव, बक्कल नंबर आणि तक्रारीचा क्रमांक विचारला. तक्रारीचा क्रमांक पलीकडच्याला सांगता येईना. मामांनी तो फोन नंबर वहीत उतरवून घेतलाय, चालू तक्रारीला जोडायला.