लिफ्टशेजारच्या पाटीवर कोणता नंबर: १०१ की ११२?

आग लागली तर कोणाला फोन करायचा, ही पाटी लिफ्टशेजारी लावायची होती. १०१ मोठा लिहायचा की ११२, यावर कमिटीच्या दोन मीटिंगा गेल्या. सेक्रेटरी मीच, त्यामुळे शेवटी पाटी रंगवून घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तुमच्याकडेही हाच घोळ असेल तर माझा अनुभव सांगतो. तो एकाच रात्रीचा आहे, तेव्हा तेवढ्याच हिशेबाने घ्या.

११२ मध्ये सोय आहे, नाही कशाला म्हणू? पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळ्याला एकच नंबर. फोन साधारण कुठून आला हेही त्यांना दिसतं. हायवेवर हद्द कोणाची कळत नसेल तर मीसुद्धा ११२ च फिरवीन. उलट १०१ मोबाईलवरून लावला तर टॉवरच्या मर्जीने कधी शेजारच्या शहरात लागतो.

पण त्या रात्री आमची मीटर रूम पेटली. वॉचमनने ११२ लावला, मी १०१. महाराष्ट्रात ११२ चा फोन नवी मुंबईत नाहीतर नागपुरात उचलतात, तिथून तो जिल्ह्याकडे येतो. वॉचमन सांगतोय, "गणपती मंदिर के पीछे". तिकडून प्रश्न, "कौनसा मंदिर?" सगळं सांगून झालं, तर दुसऱ्या कोणाचा तरी फोन, आणि पुन्हा सोसायटीच्या नावापासून सुरुवात. धूर डक्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेला, आणि हा बिचारा मंदिर समजावतोय! मला मात्र १०१ वाल्याने विचारलं, "टाकीकडचं गेट उघडलंत का? बंब तिकडूनच वळेल." त्याला आमची टाकी ठाऊक होती. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

एक मान्य करायला हवं. ११२ मुळे बाईकवरचे दोन पोलीस बंबाच्या आधी पोचले, आणि गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या त्यांच्याच आवाजाने हलल्या. आमच्या विनंत्यांनी त्या वर्षभर हललेल्या नव्हत्या.

तेव्हा आमच्या पाटीवर वर १०१, त्याखाली जवळच्या अग्निशमन केंद्राचा लँडलाईन नंबर एसटीडी कोडसकट, म्हणजे टॉवरची भानगड नको. ११२ सर्वांत खाली, जरा लहान अक्षरात. वॉचमनच्या मोबाईलमध्ये केंद्राचा नंबर "आग" नावाने सेव्ह करून दिलाय.