कागदपत्रांविना की एच-२ए व्हिसावर : संघटना बांधणाऱ्या शेतमजुराला अधिक धोका कुठे?

अमेरिकेतील १९३५च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने शेतमजुरांना वगळले असल्यामुळे, १९७५मध्ये स्वतःचा कायदा करणाऱ्या कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये सोडल्यास, संघटना बांधणाऱ्या शेतमजुराला मालकाच्या सूडापासून फारसे संरक्षण नाही.

देशात राहण्याची वैध कागदपत्रे नसलेला स्थलांतरित मजूर निदान मालक बदलू शकतो आणि वर्षानुवर्षे एकाच भागात राहून माणसे जोडू शकतो. वॉशिंग्टन राज्यातील ‘फमिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया’ ही संघटना २०१३च्या बेरीमळ्यांतील संपांतून उभी राहिली. मात्र मार्च २०२५मध्ये तिच्या एका प्रमुख कार्यकर्त्याला स्थलांतर अधिकाऱ्यांनी अटक केली. सरकारने हद्दपारीचा जुना आदेश पुढे केला, सहकाऱ्यांनी संघटनकार्य हेच खरे कारण असल्याचे सांगितले, आणि टकोमाच्या स्थानबद्धता केंद्रात काही महिने काढल्यावर त्याने मेक्सिकोला परतणे पत्करले.

एच-२ए या परदेशी मजुरांसाठीच्या हंगामी शेतीकामाच्या व्हिसावरील मजुराचा मुक्काम वैध असतो, मालकाने त्याला राहण्याची जागाही द्यावी लागते; परंतु व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला असल्याने नोकरीबरोबर छप्पर आणि देशात राहण्याचा आधार दोन्ही जातात. २०१७मध्ये वॉशिंग्टन राज्यातीलच सुमास येथे, सहकारी गंभीर आजारी पडल्यानंतर एक दिवस काम थांबवणाऱ्या सुमारे ७० मजुरांना कामावरून व निवासातूनही काढण्यात आले. स्थलांतर अधिकाऱ्यांच्या छाप्याची गरजच पडली नाही. म्हणून मला हा दुसरा मार्ग, कायदेशीर असूनही, संघटकासाठी अधिक अडचणीचा वाटतो. शिवाय पुढच्या हंगामात त्याला बोलवायचे की नाही, हेही मालकाच्याच हाती राहते.