आधी प्रस्ताव, मग लेख : आमच्या माजी विद्यार्थी अंकाचा अनुभव

नाशिकमधल्या ज्या महाविद्यालयात मी १९९३ ते १९९६ या काळात शिकले, त्याचा माजी विद्यार्थी संघ वर्षातून दोनदा एक अंक काढतो. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि अंकाचे काम पाहणारी माणसे आपापली नोकरी, व्यवसाय सांभाळून, प्रसंगी पदरमोड करून ते करतात. मागील दोन वर्षांत मी या अंकाकडे तीन प्रस्ताव पाठवले. पहिला नाकारला गेला, दुसऱ्याचा लेख होऊन छापला गेला आणि तिसऱ्याची हकिगत शेवटी सांगते. आपल्या महाविद्यालयाच्या अशा अंकात लिहावे की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मराठी नियतकालिकांकडे लेख पाठवण्याची आपली जुनी रीत म्हणजे पूर्ण लेख लिहून पाठवायचा, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट जोडायचे आणि ‘साभार परत’ येते की स्वीकृतीचे पत्र येते याची वाट पाहायची. या अंकाची पद्धत वेगळी आहे. ते आधी दोनशे शब्दांचा प्रस्ताव मागतात आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात अशी अपेक्षा ठेवतात : नेमके कशाविषयी लिहिणार, ते तुम्हीच का लिहावे, त्यासाठी तुमच्याकडे कोणती कागदपत्रे किंवा माणसे आहेत, आणि छायाचित्र मिळेल का. प्रस्ताव मंजूर झाल्यावरच बाराशे शब्दांचा लेख लिहायचा. सुरुवातीला मला हे अनावश्यक वाटले होते, कारण आठवणीच लिहायच्या तर त्यासाठी परवानगी कशाला, असा माझा समज होता.

पहिला प्रस्ताव मी त्याच समजुतीने पाठवला. कॉलेज रोडवरचा कट्टा, स्नेहसंमेलनातील नाटक, गंगापूर धरणावर सायकलींनी काढलेली सहल आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणे असे सगळे त्यात होते. तीन आठवड्यांच्या आत उत्तर आले. नकार होता, परंतु तो सहा-सात ओळींचा आणि माझा प्रस्ताव नीट वाचून लिहिलेला होता. अशा आशयाचे अनेक लेख दर अंकासाठी येतात आणि त्यांतील कट्टा, सहल व नाटक एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, असे संपादकांनी लिहिले होते. त्याखाली त्यांनी एक प्रश्न विचारला होता. वसतिगृहाच्या मेसमधील खाड्यांच्या वहीचा उल्लेख मी ओझरता केला होता. ती वही आज कोणाकडे आहे का, असे त्यांनी विचारले होते. माझ्या दृष्टीने या अंकाची खरी गुणवत्ता या एका प्रश्नात आहे.

ज्यांनी मेसमध्ये जेवण केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या किराण्याचा, भाजीचा, सरपणाचा आणि पगारांचा एकूण खर्च सर्व मुलींच्या जेवणाच्या दिवसांनी भागला की त्या महिन्याचा दर निघत असे. जी मुलगी गावी गेली तिचे ते दिवस खाडे म्हणून वजा होत, मात्र सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा आमच्याकडे धरत नसत. ही नोंद आमचे आचारी ठेवत, ज्यांना आम्ही सगळ्या मामा म्हणत असू. मामा आता नाहीत. त्यांचा मुलगा पंचवटीत राहतो आणि त्याने तीन वर्षांच्या वह्या जुन्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या, लांबट अशा त्या हिशेबाच्या वह्या आहेत. डावीकडे खोलीचा क्रमांक, त्यापुढे नाव, मग एकतीस बारीक घरे, आणि गैरहजर दिवसाच्या घरात निळी फुली. काही पानांच्या कोपऱ्यांवर तेलकट अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट आहे की पान उलटताना माझे बोट आपोआप त्यावरच जात होते.

त्या फुल्या महिन्यांप्रमाणे पाहिल्यावर मला जे दिसले ते तीन वर्षे त्याच मेसमध्ये जेवूनही दिसले नव्हते. जुलैमध्ये पेठ, सुरगाणा आणि इगतपुरीकडच्या मुलींच्या ओळींत आठ-आठ, दहा-दहा फुल्या होत्या, कारण तेव्हा भाताची लावणी असते. ऑक्टोबरमध्ये निफाड आणि दिंडोरीच्या मुली गायब होत, कारण द्राक्षबागांची छाटणी सुरू होई. डिसेंबरच्या शेवटी चांदवड आणि येवल्याकडच्या ओळी भरत, तेव्हा कांद्याची लागवड चाललेली असे. नाशिक शहरात घर असलेल्या मैत्रिणी ज्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर बसून टिपणे घेत होत्या, त्याच दिवशी कोण कुठे चिखलात उभे होते हे मामांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले होते. हाच माझा दुसरा प्रस्ताव झाला आणि तो आठ दिवसांत मंजूर झाला.

लेखावर झालेल्या संस्काराला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मी पाठवलेला मसुदा सतराशे शब्दांचा होता आणि त्यात मामा किती प्रेमळ, किती कष्टाळू, किती निरपेक्ष होते हे पुनःपुन्हा आले होते. संपादकांनी दूरध्वनी करून म्हटले, “ताई, मामा प्रेमळ होते हे तुम्ही सहा वेळा सांगितले आहे, ते काय करत होते हे एकदाच आले आहे.” त्यानंतर मी विशेषणे काढली आणि त्यांच्या जागी लावणीहून परतलेल्या मुलींसाठी मामा आठवडाभर बाजूला ठेवत असलेल्या जादा भाकरी लिहिल्या. ज्या मुलींच्या ओळी छायाचित्रात दिसणार होत्या त्यांची संमती घ्यावी किंवा नावे झाकावीत, हाही आग्रह त्यांचाच होता. आम्ही नावे झाकली. तपशिलांचीही तपासणी झाली. १९९५ च्या परीक्षेच्या संदर्भात मी ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे लिहिले होते. विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ मधला असल्यामुळे त्या वर्षापुरते ‘पुणे विद्यापीठ’ असेच हवे, हे त्यांनी निदर्शनास आणले. अतिवृष्टीमुळे मेस दोन दिवस बंद राहिल्याचा एक प्रसंग मी ठामपणे लिहिला होता. त्याची तारीख वहीशी जुळेना, म्हणून मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुनी वृत्तपत्रे पाहिली, तिथेही आधार मिळाला नाही आणि तो प्रसंग आम्ही वगळला. १८४० पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात एका परिच्छेदासाठी दोन दुपारी बसणे मला आनंदाचे वाटले, हे नमूद करते.

आता उणिवा. लेख स्वीकारल्यानंतर पाच महिने काहीही कळवले गेले नाही. अंक कधी निघणार, लेख याच अंकात आहे की पुढच्या, हे विचारण्यासाठी मी दोन पत्रे पाठवली आणि दोन्ही अनुत्तरित राहिली. मग अचानक एका संध्याकाळी पानांची पीडीएफ आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त्या कळवा असा निरोप आला. मी त्या दिवशी सिन्नरला कामावर होते आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर घाईने वाचले. माझा लेख युनिकोडमध्ये होता, मांडणी करणाऱ्यांनी तो छपाईच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला होता आणि त्या बदलात ‘ऱ्या’ ही जोडणी सरसकट ‘र्या’ झाली होती. ‘आचाऱ्यांनी पहाटे चारला उठून चूल पेटवली’ हे वाक्य ‘आचार्यांनी पहाटे चारला उठून चूल पेटवली’ असे छापले गेले. आचारी हा मामांचा व्यवसाय होता आणि त्यांच्याविषयी छापून आलेल्या एकमेव लेखात तोच शब्द पुसला गेला. त्यांच्या मुलाने अंक हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवले तेव्हा मला काय उत्तर द्यावे हे सुचले नाही. पुढील अंकात चूक दुरुस्तीची चौकट आली, पण ती शेवटून दुसऱ्या पानावर. मुद्रितशोधनासाठी किमान चार दिवस द्यावेत आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द शोधून स्वतंत्रपणे तपासावेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मानधन नाही आणि ते तसे आधीच सांगतात. दोन प्रती मिळतात. यात मला गैर वाटत नाही. मात्र संमतिपत्रात ‘लेखाचे सर्व हक्क संघाकडे राहतील’ अशी एक ओळ आहे, तिच्याकडे लिहिणाऱ्यांनी लक्ष द्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला हक्कधारक लेखकच असतो आणि ते हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखी व सहीचा करार लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मी ती ओळ खोडून ‘केवळ या अंकात एकदा छापण्यापुरती परवानगी’ असे लिहिले आणि सही केली; कोणीही हरकत घेतली नाही.

एकूण अंकाविषयी थोडक्यात सांगायचे तर पुरवणीसारखी भासणारी पाने फार आहेत. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद होते, त्यामुळे सत्कार, धनादेश आणि उद्घाटने यांची छायाचित्रे जागा व्यापतात हे समजण्यासारखे आहे. तरीही प्रत्येक तुकडीची ख्यालीखुशाली सांगणारी तीन-चार पाने मी सर्वांत आधी वाचते. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक १९०० पासून निघते आणि तिथेही तुकडीनिहाय वार्ता हा ठरलेला विभाग आहे. आपल्या अंकात तो वाढायला हवा.

तिसरा प्रस्ताव त्याच वह्यांमधून निघाला. १९९५ च्या फेब्रुवारीत एका ओळीत पंधरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सलग फुल्या आहेत आणि मार्चच्या पानावर ते नावच नाही. ती माझी खोलीतील मैत्रीण. दुसऱ्या वर्षात असताना तिचे लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. आज ती दिंडोरी तालुक्यात स्वतःची द्राक्षबाग सांभाळते. त्या पंधरा दिवसांत काय झाले हे तिने स्वतः लिहावे आणि मी वहीविषयी लिहावे, असा आमचा प्रस्ताव होता. परंतु संघाच्या नियमानुसार लेखन फक्त सभासदांकडून स्वीकारले जाते आणि सभासदत्वाच्या अर्जाला पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. म्हणजे दीड वर्ष त्याच वर्गात बसलेली, त्याच मेसमध्ये जेवलेली मुलगी या संघाच्या लेखी माजी विद्यार्थिनी ठरत नाही. मी संपादकांना हे कळवले. त्यांनी नियम आपल्या हातात नसल्याचे सांगितले, तो वार्षिक सभेपुढे मांडण्याचे आश्वासन दिले आणि तोवर लेख माझ्या एकटीच्या नावाने द्यावा असे सुचवले. ते आम्हा दोघींना मान्य नव्हते.

छाटणी उरकल्यावर तिने तिचा भाग रेघांच्या कागदावर हाताने लिहून काढला, साडेसहाशे शब्द. मी तो युनिकोडमध्ये उतरवला आणि ‘ऱ्या’ असलेला प्रत्येक शब्द दोनदा तपासला. प्रस्ताव दोघींच्या नावाने, सभासद क्रमांकाची तिची जागा रिकामी ठेवून पाठवला आहे. पोच आली आहे; वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे.